तेविसावं डोकं

“मॅडम, आजची तपासणी पुढं ढकलता येईल का?”

सकाळचे साडेसहा वाजले होते. उमरग्याच्या घरी राजेश्वरी बिराजदारांच्या हातात चहाची बशी होती. फोनवर ‘झुंजुरका’चे अधीक्षक योगीराज होते.

“कारण?”

“तसं विशेष काही नाही. एक मुलगी कमी भरतेय.”

“कमी भरतेय? ज्वारीचं पोतं आहे का ते?” राजेश्वरीबाईंनी बशी खाली ठेवली. “कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून. पोलीस आलेत. तुम्ही उगाच त्रास…”

“मी निघाले.”

‘झुंजुरका’ हे लोहारा रस्त्यावरचं मुलींचं निवासी उपचार केंद्र. घरातून पळून जाणाऱ्या, मोबाईल काढून घेतला की हात उगारणाऱ्या, महिना महिना तोंड न उघडणाऱ्या पोरी आईबाप तिथं आणून सोडत. चार-सहा महिन्यांनी पोरगी ‘माणसात आली’ म्हणून परत नेत. अशा केंद्रांवर नजर ठेवायला जिल्ह्याची एक तपासणी समिती होती आणि एकतीस वर्षं शाळा हाकून निवृत्त झालेल्या राजेश्वरीबाई तिच्या सदस्य होत्या.

त्यांच्या पर्समध्ये दोनशे पानी वही असायची. तिच्यात दोनच रकाने. पहिल्यात ‘कोण’, दुसऱ्यात ‘कुणावर जळतं’. चोरी असो, भांडण असो की परीक्षेतली कॉपी, हे दोन रकाने नीट भरले की तिसरा, ‘कुणी केलं’ हा, आपोआप भरतो, असं त्यांचं मत होतं. शाळेच्या शिक्षकखोलीत हे मत एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

न्यायला फौजदार बसवराज स्वामी जीप घेऊन आला. सातवीत तो बाईंच्या हाताखाली होता. अजूनही त्यांच्यासमोर बसताना तो शर्टाचं वरचं बटण लावायचा.

“शिवांजली नाव, बाई. पंधरा वर्षं. सोलापूरची,” तो गाडी चालवता चालवता सांगू लागला. “काल येळवस होती. केंद्राच्या तेवीस पोरी ट्रॅक्टरनं संस्थेच्या शेतात गेल्या. पूजा झाली, जेवणं झाली. परत निघताना मोजल्या, तेवीस. गेटात मोजल्या, तेवीस. साडेपाचला झोपायच्या हॉलमध्ये घालून बाहेरून कुलूप लावलं. आठला जेवणासाठी उघडलं तर बावीस.”

“किल्ली कुणाकडं होती?”

“समुपदेशक शिवप्रिया. पोरी तिला अक्का म्हणतात. किल्ली हातातून सोडली नाही, असं तिचंच म्हणणं. म्हणजे बाई, तिनंच काढली पोरगी. पोरीच्या आईची फिर्याद पण तशीच आहे. दुपारी ठाण्यात नेतो तिला.”

“का काढेल?”

“ते तिलाच विचारायचं.”

दोन्ही बाजूंच्या रानात कडब्याच्या खोप्या उभ्या होत्या. काल येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, याच रानांत माणूस मावत नव्हतं. आज खोपीतल्या पांडवांच्या पाच दगडांजवळ कावळे उरलेली भज्जी, येळवशीची मिसळ भाजी, टिपत होते.

*

योगीराजांचं कार्यालय लख्ख होतं. रजिस्टरं एकाखाली एक, पाठीवर चिठ्ठ्या.

“एवढी शिस्त जिल्ह्यात कुठं दिसणार नाही मॅडम. बारा वर्षं मीच बघतोय. आता हल्ली मुलींना अधीक्षक कोण तेही ठाऊक नसतं, म्हणा. जो तो अक्का, अक्का.”

वहीतली पहिली ओळ बाईंनी बसल्या बसल्या भरली.

त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. ‘येळवस: शेतातून निघताना २३. गेट, सायं. ५.३०: २३.’ खाली सही. बाईंनी सवयीनं पुढचं पान उलटलं. शिक्षकांची रजिस्टरं तपासताना पुढचं पान आधी बघायचं, हा त्यांचा जुना कानमंत्र.

“योगीराज, आत्ता किती वाजले?”

“आठ वाजायला पाच मिनिटं.”

“आणि आज संध्याकाळी साडेपाचला तेवीस मुली हजर होत्या, असं इथं तुमच्या सहीनं लिहिलंय. एक मुलगी हरवलेली असताना. कौतुक आहे.”

योगीराजांनी घसा साफ केला. “तपासणी होती ना… आधीच्या दिवशी तयारी म्हणून…”

“म्हणजे काल गेटात कुणी मोजलंच नाही.”

बसवराजनं शर्टाचं बटण चाचपलं.

शेजारच्या खोलीत शिवांजलीची आई बसली होती. दीपमाला. अडतिशीची, अंगावर तपकिरी शाल, डोळे सुजलेले. शालीच्या काठाला कुसळं चिकटली होती आणि बोलता बोलता ती एकेक उपटत होती.

“कधी आलात ताई?”

“रात्री फोन आला. पहाटेची एसटी धरली सोलापुराहून.”

“एकट्याच?”

“मालक गुजरातेत असतात, ट्रकवर.”

“या भागात कुणी नातेवाईक?”

“कुणी न्हाय माझं इथं.” मग एकदम आवाज चढला. “मॅडम, तुम्ही त्या बाईला का विचारत नाही? तिनंच नेली माझी पोर! भारून टाकलंय तिला. अक्कानं केस विंचरले, अक्कानं गणित शिकवलं, अक्का अशी, अक्का तशी. नऊ महिने पोटात कुणी वागवलं? त्या अक्कानं?”

“नेऊन ठेवेल कुठं, काही अंदाज?”

“मला काय माहीत! आधी तिला आत टाका. तिला कामावरनं काढा. मग बघू.”

बाईंनी बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. ती आणखी काही विचारेल म्हणून थांबल्याही. दीपमालानं काही विचारलं नाही.

*

शिवप्रिया समुपदेशन खोलीत होती. दारात महिला पोलीस. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी, काल नेसलेली हिरवी साडी अजून अंगावरच.

“शेतातून निघताना तू मोजलंस?”

“हो. ट्रॉलीत बसल्यावर. डोकी मोजली. वारं सुटलेलं, सगळ्या ओढण्या गुंडाळून बसलेल्या. तेवीस भरली.”

“चेहरे?”

ती थांबली. “नाही. डोकीच.”

“शिवांजली कुठं बसली होती?”

“मागं असेल. मी पुढं बसले होते. सकाळपासून ती रुसली होती माझ्यावर. मी दुसऱ्या एका मुलीच्या वेण्या घातल्या म्हणून. माझ्याजवळ कोण बसणार यावरनं रोज भांडणं होतात इथं.”

“हॉलमधल्या मुलींना ती दिसली नाही?”

“त्यांना वाटलं ती माझ्याजवळ आहे. ती नेहमी माझ्याजवळच असायची ना. आणि मला वाटलं रुसून हॉलमध्ये पडलीय.” तिचा आवाज फुटला. “बाई, मला आत टाका नाहीतर काही करा, पण आधी तिला शोधा. अडीच महिने ती एक शब्द बोलत नव्हती. आता कुठं बोलायला लागलीय. कालची रात्र थंडीत कुठं काढली असेल तिनं? जेवली तरी असेल का?”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बसवराजनं मान लांबवून पाहिलं. दोन्ही रकाने सोडून समासात एकच ओळ होती: ‘जेवली का, हे हिनं विचारलं.’

“समितीकडं बंद खोलीबद्दल निनावी पत्र आलं होतं. ते तुझं?”

शिवप्रियानं होकारार्थी मान हलवली. “मागच्या महिन्यात योगीराज सरांनी शिवांजलीला दिवसभर तिथं कोंडलं. ‘शांतता कक्ष’ म्हणतात ते. मी पत्र लिहिल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.”

*

स्वयंपाकघर आणि मुलींची देखभाल, दोन्ही दगडाबाईंकडं. साठीच्या. चुलीपुढं बसलेल्या.

“मावशी, तुम्ही इथं किती वर्षं?”

“बारा. पैल्या पोरीपासनं.” त्यांनी फुंकणी आपटली. “बारा वर्सं उवा काढल्या, ओकाऱ्या काढल्या. पोरी मला आई म्हनायच्या. आता ही परवा आली, पावडर लावून. आता मी निसती मावशी. भाकरी थापायची मावशी.”

“म्हणून राग?”

“राग येतोच की! खोटं कशाला बोलू? पर पोरगी पळवायचा राग न्हाय माझा. भाजीत मीठ जास्त घालायचा राग हाय.”

राजेश्वरीबाईंना हसू आलं. दगडाबाईंचं नाव वहीत आलं, पण फिकट शाईनं.

“काल खोपीवर परकं कोण आलं होतं?”

“बाई, येळवशीला परकं कोन असतंय? वाटंनं चाललेल्याला हात धरून जेवाय बसवायचं. शेजारच्या वावरातली मानसं आली, पल्याडची आली. बाया डोक्यावर घेऊन येतात, आंबील देतात, आपली नेतात. पदर म्होरं वडलेला. कोन कुनाची, इचारलं तर अपमान.”

बाईंची नजर फळीवर गेली. सगळी पितळेची नि अॅल्युमिनियमची भांडी. त्यांत एकच कडीचा स्टीलचा डबा, झाकण घट्ट लावलेला.

“हा कुणाचा?”

“तसल्याच एका बाईचा. आंबील घेऊन आली. मी वतून घेतली, डबा इसळला, भज्जी भरली. रिकामा डबा परत देऊ नी. वळून बघतीया तर बाई गायब. न्यायला येईल म्हनून ठिवलाय. भज्जीला वास सुटला आता, पर रिकामा कसा ठिवू?”

“आंबील कशी होती?”

दगडाबाईंनी नाक मुरडलं, मग नाइलाजानं कबूल केलं. “बेस होती. ओवा घातलेला. आमी जिरं घालतो. त्या अक्काच्या आंबिलीपरीस कवाबी बरी.”

बाईंनी डबा उचलून तळ पाहिला. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं: ‘सि. म. हत्तरगे’. त्यांनी ती उतरवून घेतली आणि डबा जागेवर ठेवला.

*

“मुलींची पत्रं दाखवा.”

योगीराज खुलले. “दर रविवारी प्रत्येक मुलगी घरी पत्र लिहिते. मी वाचतो, झेरॉक्स ठेवतो, मगच टपालात. ही शिवांजलीची फाइल.”

बाईंनी नऊ पत्रं वाचली. पहिल्या काहींत दोन-तीन ओळी, ‘मी बरी आहे’ छापाच्या. तिसऱ्यात एक वाक्य: ‘इथं येळवस करतात म्हणे. आपण सिदूमामाकडं करायचो तशी. तुमचं भांडण झाल्यापासून आपण गेलोच नाही.’ मग अक्का सुरू झाली. अक्काची हसण्याची पद्धत. अक्काच्या बांगड्या. नववं पत्र दहा दिवसांपूर्वीचं होतं: ‘अक्का येळवशीला तिच्या घरची आंबील आणणार आहे. ती म्हणते तशी तू कधी प्यायली नसशील.’

“आईची उत्तरं?”

“सुरुवातीला यायची. सहाव्यानंतर नाही.”

“मुलगी इथं येऊन किती रविवार झाले?”

“चौदा.”

“पत्रं नऊ. बाकीची पाच?”

योगीराज छताकडं पाहू लागले. “नसतील लिहिली. मुली आळस करतात.”

“तुमच्या शिस्तीत? बसवराज, ती बंद खोली उघडून घे.”

“ती अडगळीची आहे मॅडम, किल्ली सापडत…”

“साहेब, किल्ली तुमच्या कमरेला हाय,” बसवराज म्हणाला.

खोलीला खिडकी नव्हती. एक सतरंजी, एक माठ, दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे. शिवांजली तिथं नव्हती. बसवराजनं निराशेनं श्वास सोडला. बाईंनी मात्र कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडायला लावलं. आत पत्रांचे गठ्ठे होते, नावानिशी बांधलेले. बावीस-तेवीस मुलींचे. शिवांजलीचा गठ्ठा पाच पत्रांचा.

बाईंनी ती पाचही उभ्या उभ्या वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि पदरानं बराच वेळ पुसत राहिल्या.

मग ट्रॅक्टरवाल्या बलभीमला बोलावलं.

“काल शेतातून निघालास ते थेट इथं?”

“व्हय बाई. मधी कुठं थांबलो न्हाय. निस्तं वेशीपाशी हळू केला.”

“का?”

“आमच्या चुलत्याची नात उतरली की. शेतातनं बसली होती ट्रॉलीत. पाय दुखत्यात म्हनली.”

बसवराज उसळला. “अरे, मग रात्री सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं का साहेब? तुमी इचारलं, एखादी पोरगी गाडीतनं पळाली का. तर न्हाय पळाली. येळवशीला कोन कुनाच्या गाडीत बसलं, ह्ये कोन लिवून ठिवतंय?”

बाईंनी बलभीमच्या कानात आणखी एक प्रश्न विचारला. त्यानं ओढ्याच्या पलीकडं हात केला. बाईंनी महिला पोलिसाला त्याच्यासोबत जीपनं पाठवलं.

*

अकराच्या सुमारास सगळे कार्यालयात जमले. दीपमाला खिडकीशी, शिवप्रिया तिच्यापासून शक्य तितकी लांब. दगडाबाई दारात. योगीराज स्वतःच्याच कार्यालयात उभे, कारण खुर्चीवर बाई बसल्या होत्या. टेबलावर स्टीलचा डबा होता.

“बसवराज, तुझं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं,” बाईंनी सुरुवात केली. “गेटात तेवीस आल्या. म्हणून मुलगी कुलपातून गेली, म्हणून किल्लीवाली चोर. पण गेटात कुणी मोजलंच नव्हतं. योगीराजांनी आकडा आधीच लिहून ठेवला होता. आणि शेतात शिवप्रियानं मोजली ती डोकी. तेविसावं डोकं बलभीमच्या चुलत्याच्या नातीचं. ते वेशीत उतरलं. शिवांजली ट्रॉलीत बसलीच नाही. ती शेतातूनच गेली.”

शिवप्रियानं तोंडावर हात घेतला.

“तिला शेतातून कोण नेईल? ती आरडाओरडा न करता कुणाबरोबर जाईल? आणि जी बाई नेईल, ती इतक्या माणसांत कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाही, असा वर्षातला दिवस कुठला? कालचाच. डोक्यावर डबा, तोंडावर पदर. अशा बाईला मावशींनी अडवलं नाही, उलट तिची आंबील ओतून घेतली.”

“अगं बया,” दगडाबाई म्हणाल्या.

“पण आपल्याकडं रिकामा डबा परत देत नाहीत. मावशी भज्जी भरेपर्यंत बाईला धीर निघाला नाही. डबा राहिला. तळाला नाव आहे, सि. म. हत्तरगे. सिद्धलिंग हत्तरगे. ओढ्यापलीकडं त्यांचं शेत आहे. शिवांजलीच्या तिसऱ्या पत्रातला सिदूमामा.”

खोलीतल्या सगळ्यांची तोंडं खिडकीकडं वळली.

“माझं त्याच्याशी सात वर्षं बोलणं न्हाय,” दीपमाला पुटपुटली.

“परवापर्यंत नव्हतं. ताई, तुमच्या शालीला कुसळं आहेत. एसटीच्या सीटवर कुसळं उगवत नाहीत. पण मी त्यावरून ओळखलं नाही तुम्हाला. एकतीस वर्षांत हरवलेल्या पोरांच्या कितीतरी आया माझ्यापुढं बसल्या. प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. अंगात काय होतं, आणि जेवली होती का. ही शिवप्रिया, जिच्यावर आळ आहे, तिनंसुद्धा विचारलं. सकाळपासून तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, पोरगी जेवली होती का.”

दीपमालाच्या हातातली कुसळं खाली पडली.

“कारण तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच तिला जेवू घातलं होतं.”

मग दीपमाला खाली बसली, भिंतीला टेकून, लहान पोरीसारखी.

“मी तिला न्यायला आले नव्हते,” ती म्हणाली. “नुसती आंबील पाजायला आले होते. त्या बाईची पिण्याआधी माझी प्यावी, एवढंच. त्यासाठी दादाच्या दारात गेले, सात वर्षांनी. त्याच्या चुलीवर केली. बांधावर उभी करून पाजली तिला. घटाघटा प्यायली. मग म्हणाली, थांब, अक्काला पण चाखायला देते. तोंडावरची आंबील पुसली पण नव्हती, तिला अक्का आठवली.” तिनं शाल आवळली. “मला काय झालं कळेना. म्हणाले, अक्काला मी विचारलंय. तुला सुट्टी दिलीय तिनं. उरलेली मीच देते तिला. डबा मावशीकडं दिला आणि पोरीला घेऊन गेले. रात्री फोन आला, पोरगी हरवली. तेव्हा खरं सांगायचं होतं. पण ते म्हणाले, समुपदेशकावर संशय आहे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तिनंच नेली असेल.”

“पहाटेची एसटी?”

“दादानं मोटारसायकलवर रस्त्याला सोडलं. त्याला सांगितलंय, सुट्टीचा कागद आणायला चाललेय.”

“बाई,” बसवराज हळूच म्हणाला, “पोटची पोरगी पळवली म्हणून कलम कुठलं लावू?”

“पळवल्याचं राहू दे. खोट्या फिर्यादीचं शोध. आणि ते लिहिण्याआधी दुसरं एक लिही.” बाई योगीराजांकडं वळल्या. “ही बाई अक्कावर जळाली, कारण तिच्यापर्यंत फक्त अक्काची पत्रं पोचली. चौदा पत्रांतली नऊच गेली. पाच कपाटात. का?”

योगीराजांनी ओठांवरून जीभ फिरवली. “घरची आठवण काढणारी पत्रं पाठवली की पालक उठून येतात, मॅडम. मुलीला घेऊन जातात. उपचार बिघडतो. केंद्राचं नाव जातं. म्हणून चांगली तेवढी…”

“चांगली म्हणजे ज्यांत केंद्राची स्तुती. अक्कावर तुम्हीही जळत होता, पण तिची स्तुती मात्र बिनचूक टपालात टाकलीत. तेवीस घरांत असाच गैरसमज वाटलात तुम्ही. ही दडवलेली पत्रं, ती बिनखिडकीची खोली आणि आधीच भरून ठेवलेलं रजिस्टर, तिन्ही गोष्टी आज समितीकडं जातील. दाराच्या ओरखड्यांचे फोटो काढलेत. नव्या मुली घेणं आजपासून बंद. आणि खुर्ची मी सोडत नाही, तुमच्या जागी कुणी येईपर्यंत.”

बाहेर जीप थांबली.

सगळे ओट्यावर आले. शिवांजली उतरली. दोन वेण्या, अंगावर मामीचा सैल स्वेटर. तिनं पायऱ्यांवरच्या सगळ्यांकडं पाहिलं आणि ओट्यावरचं प्रत्येक माणूस एकाच गोष्टीची वाट पाहू लागलं, की ही कुणाकडं जाते. दगडाबाईसुद्धा पदर सावरून सरळ उभ्या राहिल्या.

पोरगी शिवप्रियापुढं येऊन थांबली. डोळे रागानं भरलेले.

“मला सुट्टी दिलीस. भेटायलासुद्धा आली नाहीस. एवढी नकोशी झाले का?”

शिवप्रियानं तोंड उघडलं. मग दीपमालाकडं पाहिलं आणि मिटलं. तिची नोकरी, तिचं नाव, कालपासूनची बेअब्रू, सगळं एका वाक्यानं फिटलं असतं. ते वाक्य तिनं गिळलं.

बाईंनी मनात दहापर्यंत मोजलं.

“तिला ठाऊकच नव्हतं, अंजू,” दीपमाला म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा आला. “मी खोटं बोलले. तुझ्याशी, पोलिसांशी. तिला रात्रभर कोंडून ठेवलंय माझ्यामुळं.”

शिवांजली आईकडं पाहत राहिली. तिनं शिवप्रियाचा हात घट्ट धरला, आणि आईकडं जाण्यासाठी एकही पाऊल उचललं नाही. दीपमालानं ते पाहिलं. या खेपेला ती काही बोलली नाही.

दगडाबाई आतून डबा घेऊन आल्या. भज्जी टाकून घासलेला, लख्ख.

“घ्या. तुमचा हाय.”

दीपमालानं हात पुढं केला. डबा हलका होता, पण आत काहीतरी सरकलं.

“रिकामा देत न्हाय आमी,” दगडाबाई म्हणाल्या. “बाईंनी भरलाय.”

झाकण उघडलं. आत पाच पत्रं. दीपमाला पायरीवर बसली आणि सगळ्यात वरचं उलगडलं. ते गेल्या रविवारचं होतं. ओठ हलवत ती वाचू लागली: ‘आई, अक्कानं आज आंबील चाखायला दिली. ती विचारत होती म्हणून चांगली म्हणाले. पण तुझ्यासारखी नाही. ओव्याचा वासच नाही तिला. तू येशील का येळवशीला? ये ना. मागच्या चार पत्रांत पण लिहिलंय. तू उत्तरच देत नाहीस.’

पुढचं तिला वाचता येईना. पत्र तिनं डब्यात ठेवलं, पुन्हा काढलं.

बसवराजनं बाईंच्या वहीत डोकावलं. “बाई, सगळ्यांची नावं आली यात. तुमचं कुठाय?”

राजेश्वरीबाई पायरीकडं पाहत होत्या. शिवांजली एक पायरी उतरून आईच्या मागं येऊन उभी राहिली होती. अक्काचा हात सोडला नव्हता, त्यामुळं शिवप्रियालाही एक पायरी उतरावी लागली होती. एकतीस वर्षांत शेकडो पोरं बाईंच्या हाताखालून गेली. बाईंना पत्र कुणी लिहिलं नव्हतं.

“पान संपलं,” त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

खाली पायरीवर दीपमालानं मागं न वळता विचारलं, “काल ओवा कमी पडला होता का गं?”

“थोडा,” शिवांजली म्हणाली.